अजिंक्यतारा रोज चढतो, वजन मात्र उतरत नाही

पत्र: वय ४४, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८४ किलो, कंबर १०२ सेंटिमीटर. दिवसभर खुर्चीवरची नोकरी. गेले काही महिने आठवड्यातले सहा दिवस पहाटे अजिंक्यतारा चढतो. उतरल्यावर मित्रांबरोबर नाक्यावर मिसळ, कधी पोहे-जिलेबी. दिवसात चार-पाच चहा. डब्यात तीन चपात्या आणि सुकी भाजी. संध्याकाळी खारी नाहीतर भेळ. रात्री साडेनऊला दोन भाकरी, आमटी, भात. रविवारी मटण. संकष्टी पाळतो. मध्ये तीन आठवडे रात्रीचं जेवण बंद केलं होतं. तीन किलो उतरले आणि महिन्याभरात परत आले. परवा एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलं. जिममधला पोरगा म्हणतो पावडर घ्या, भाचा म्हणतो भात-भाकरी सोडा, बायकोने साखर बंद करून गूळ आणलाय आणि आई म्हणते पोरगं वाळलं. नक्की कुणाचं ऐकू?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

नमस्कार दादा,

आधी गडाचा हिशेब करू, कारण तुमची सगळी चिडचिड तिथं अडकलीय. शहरापासून अजिंक्यताऱ्याचा माथा साधारण पावणेतीनशे-तीनशे मीटर उंच. ८४ किलोचं अंग तेवढं वर न्यायचं आणि खाली आणायचं, याला सगळं मिळून ३०० ते ३५० कॅलरी लागतात. त्यातल्या सत्तर-ऐंशी त्या तासाभरात घरी बसून पेपर वाचला असतात तरी खर्च झाल्या असत्या. म्हणजे निव्वळ कमाई अडीचशेच्या आसपास.

आता नाक्यावरची प्लेट बघा. शेव-फरसाण ५० ग्रॅम धरलं तर २७०. कटावर तरंगणारं तेल दोन मोठे चमचे, म्हणजे २४०. दोन पाव, दोनशेच्या थोडं वर. मटकी बिचारी तळाला दोन चमचे, तिच्या पन्नास-साठ. बेरीज साडेसातशेच्या घरात, आणि ‘जरा कट आणा’ म्हटलं की त्याच्याही पुढे. एका मिसळीत तीन दिवसांचे चढ खर्ची पडतात. पोहे-जिलेबीचा आकडा कमी भरेल, पण त्यात साखर जास्त आणि प्रथिनं नावापुरती.

म्हणून गड सोडायचा का? मुळीच नाही. दम वाढतो, रक्तदाब आणि साखर ताळ्यावर राहते, झोप लागते. ही कामं चढण चोख करते. वजन उतरवायचं काम मात्र तिच्या एकटीच्या आवाक्यातलं नाही, ते स्वयंपाकघरात होतं. आणि तुमच्या बाबतीत ते भाकरी काढून होणार नाही. तेल मोजून आणि आमटी घट्ट करून होईल.

किती उतरवायचं, ते आधी ठरवू. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २९ येतो. आपल्याकडच्या लोकांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. पण एकदम सत्तर किलोचं स्वप्न बघू नका. पहिला टप्पा सहा किलोंचा, म्हणजे ७८. हा आकडा हवेतला नाही. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अशाच उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुमचे सात टक्के म्हणजे जवळपास सहा किलो.

सध्या वजन आहे तिथं राहायला तुम्हाला गडासकट दिवसाला २३०० ते २४०० कॅलरी लागत असतील. १८०० च्या आसपास आलात की महिन्याला दीड-दोन किलो उतरतील. याहून घाई केली की काय होतं ते तुम्ही भोगलंय. रात्रीचं जेवण तोडल्यावर पहिल्या आठवड्यात जे गेलं त्यात चरबी थोडीच होती. यकृत आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते, तिच्यातल्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी जातं, आणि काटा खाली येतो. प्रथिनं कमी पडली तर थोडा स्नायूही झिजतो. जेवण परत सुरू झालं की पाणी परत येतं, स्नायू मात्र तेवढ्या सहजी येत नाही. त्यात रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडला जात असेल तर तो वेगळाच. तेव्हा जेवण तोडू नका, फक्त साडेनऊचं आठवर आणा.

आता मूळ दुखणं. तुमच्या पत्रातल्या सोमवार ते शनिवारच्या ताटात प्रथिनं कुठं दिसत नाहीत. आपल्याकडची आमटी चवीला झकास, पण पातळ. चार माणसांच्या आमटीत अर्धी वाटी डाळ पडते आणि वाढताना निम्मं पाणी वाट्याला येतं; एका माणसाच्या पोटात जेमतेम दोन-तीन ग्रॅम प्रथिनं जातात. म्हणून डाळ ताटात न मोजता भिजवताना मोजा. एका वेळेला माणशी ३० ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे चौघांना १२० ग्रॅम, साधारण एक लहान वाटी भरून. तेवढ्यात प्रत्येकाला सहा-साडेसहा ग्रॅम मिळतात. तुरीची, मुगाची, मसुराची, कुठलीही चालेल. आठवड्यातून दोनदा आमटीऐवजी घट्ट उसळ: मटकी, हुलगा, चवळी, नाहीतर आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, माणशी ४० ग्रॅम कोरडा. घेवडा आठ-दहा तास भिजवा, भिजवलेलं पाणी ओतून टाका आणि कुकरला पुरता शिजवा. अर्धवट शिजलेला घेवडा पोटात कालवाकालव करतो, कधी उलट्याही होतात, आणि मग लोक म्हणतात कडधान्य सोसत नाही.

दिवसाचं उद्दिष्ट ७० ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू टिकतो. म्हणून बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

सकाळच्या मिसळीला घरचा पर्याय आहे, आणि तो पथ्याचा वाटत नाही. चौघांसाठी २४० ग्रॅम कोरडी मटकी आठ तास भिजवून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात, थंडीत पुरता दिवस जातो. हळद-मीठ घालून बोटाने दाबली की चेपेल इतकी शिजवा, लगदा नको. कटासाठी दोन कांदे, एक टोमॅटो, लसूण-आलं आणि १५ ग्रॅम सुकं खोबरं कोरडंच भाजून वाटा. तेल चौघांत मिळून चार छोटे चमचे, त्यावर थेंबभर नाही. तेल तापलं की गॅस बंद करून त्यात लाल तिखट घाला आणि मग लगेच वाटण. तिखट न जळता रंग सुटतो आणि कट लाल दिसतो. लाल दिसण्यासाठी तेल ओतायचं ही हॉटेलची पद्धत झाली. दाटपणा हवा तर शिजलेल्या मटकीतलीच एक पळी चेचून घाला. फरसाण शेवटी, माणशी एक मोठा चमचा, तोही डब्यातून थेट न ओतता चमच्यानेच. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. अशी वाटीभर-दीड वाटी मिसळ ३५० ते ३७५ कॅलरींत बसते आणि १५-१६ ग्रॅम प्रथिनं देते. सोबत पावाऐवजी एक उकडलेलं अंडं. कांदा-लसूण मसाला घालणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की त्यात तेल, खोबरं आणि मीठ आधीच असतं. फोडणी तेवढी कमी करा.

रोज एवढा घाट जमणार नाही, हे मान्य. मग दोन उकडलेली अंडी, एक चपाती आणि काकडी. दहा मिनिटांत होतं.

मित्र तोडायची गरज नाही. त्यांच्याबरोबर एरवी अर्धा चहा घ्या, आठवड्यातून एक दिवस मिसळ खा. त्या दिवशी एकच पाव, कट वेगळ्या वाटीत, फरसाण अर्धं आणि वर दही.

तेलाच्या कॅलरी मोजणं कुणालाच जमत नाही, म्हणून कॅन मोजा. नवा कॅन उघडला की त्यावर पेनने तारीख लिहा. तुमच्या घरात चार माणसं आणि पाच लिटरचा कॅन महिन्यात संपतो असं धरू. पाच लिटर तेलाचं वजन साडेचार किलोंवर. माणशी दिवसाला ३८ ग्रॅम पडतं, म्हणजे ३४० कॅलरी, आणि यात बाहेरचं तळण धरलेलंच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला साधारण २७ ग्रॅम तेल-तूप धरलंय. महिन्याला तीन लिटरवर आलात की माणशी २३ ग्रॅमच्या आत याल आणि घरातल्या प्रत्येकाच्या दिवसाच्या १३५ कॅलरी वाचतील. कुणाला वेगळं शिजवायला लागणार नाही, घरच्यांची कटकट नाही. करायचं ते असं: तेलाच्या भांड्यातली पळी काढून छोटा चमचा ठेवा, चपातीच्या घडीत तेल लावणं बंद करा, वांगं-भेंडी झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा. दाण्याच्या कुटालाही चमचा लावा. दोन मोठे चमचे कूट म्हणजे शंभरावर कॅलरी. कूट वाईट नाही, पण आपल्याकडे ते भाजीत मूठ-मूठ पडतं आणि त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

भाच्याला सांगा, भाकरी निर्दोष आहे. शाळूची ज्वारी काय, बाजरी काय, गहू काय, शंभर ग्रॅम पिठात कॅलरी जवळपास सारख्याच, सव्वातीनशे ते साडेतीनशे. त्यामुळे ‘भाकरी खाल्ली की वजन उतरतं’ हेही खोटं आणि ‘भाकरीने वाढतं’ हेही. भाकरीची जमेची बाजू एवढी की ती कोरडी भाजली जाते, शिवाय चाळणीतून न काढलेल्या पिठात चोथा चांगला असतो. गोम आकारात आहे. आपल्याकडची हातभर भाकरी ८० ग्रॅम पिठाची होते, तर घरची चपाती ३० ते ३५ ग्रॅमची. ‘दोनच भाकरी खाल्ल्या’ म्हणजे जवळजवळ पाच चपात्या झाल्या. एकदा कोरडं पीठ वजनकाट्यावर तोलून ६० ग्रॅम पिठाचा गोळा कसा दिसतो ते घरात सगळ्यांनी बघून घ्या. पुढे काटा लागत नाही. रात्री त्या गोळ्याची एक भाकरी. भात हवाच असेल तर अर्धी भाकरी आणि अर्धी वाटी भात. दोन्ही पुरतं वाढून घ्यायचं आणि ‘भात थोडाच’ म्हणायचं, हे मात्र थांबवा.

दिवस साधारण असा लागेल. सकाळी मटकी आणि अंडं. डब्यात दोन चपात्या, ओली किंवा पालेभाजी, छोट्या डब्यात घट्ट वरण किंवा उसळ, काकडी-गाजर, जमलं तर ताक. बटाट्याची सुकी भाजी आणि तीन चपात्या हा डबा पिष्टावर पिष्ट आहे. तो खाऊन चार वाजता खारी आठवली तर नवल नाही. साडेपाचला ३० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू. रात्री आठला एक भाकरी, पिठलं किंवा घेवड्याची उसळ, मेथी-शेपू-चाकवत जे बाजारात असेल ते आणि दह्यातली कोशिंबीर. तीन चहा धरून हे सगळं १७५० च्या आसपास बसतं आणि ७० ग्रॅम प्रथिनंही भरतात.

गुळाबद्दल थोडक्यात. साखरेच्या शंभर ग्रॅमला ४०० कॅलरी, गुळाच्या ३७०-३८० च्या पुढेमागे. तुमच्या रक्ताला दोन्ही सारखीच. गुळातलं लोह चहाच्या चमच्यापुरतं पाहिलं तर चिमूटभर. उलट ‘गूळच आहे’ म्हणून तो जास्त पडतो. पाच चहांत दोन-दोन चमचे म्हणजे दिवसाला ५० ग्रॅम. २० ते २५ च्या पुढे जाऊ नये. एकदम फिका चहा कराल तर चार दिवसांत सोडाल. पहिल्या आठवड्यात दीड चमचा, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात अर्धा, आणि चहा तीनच. जीभ महिन्याभरात वळते. कंदी पेढ्यांचा पुडा घरी आला तर जेवणानंतर एक खा. शंभराच्या आसपास कॅलरी आहेत, त्या भाकरीचा तुकडा कमी करून बसवता येतात. चहाबरोबर उभ्या उभ्या तीन खाल्ले तर नाही बसत.

पावडर म्हणजे बहुतेक वेळा दुधातलीच प्रथिनं वाळवलेली. विष नाही, औषधही नाही. वर सांगितलेलं ताट जमलं तर तुम्हाला तिची गरज नाही. एखाद्या दिवशी प्रथिनं कमी पडतील असं वाटलं तर ३० ग्रॅम सोयावडी रश्श्यात टाका. १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र पावडर काय आणि सोयावडी काय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

संकष्टीला लोक समजतात दिवसभर काही खाल्लं नाही. साबुदाण्याच्या एका भरल्या प्लेटीत ६० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम कूट, दीड-दोन चमचे तूप आणि बटाटा असतो. पाचशे-सहाशेचा फराळ होतो. भगर, ताक, काकडी, एखादं रताळं यावर दिवस काढा आणि चंद्रोदयानंतर नेहमीचंच जेवण जेवा, मोदक एक. रविवारचं मटण ठेवा. रस्सा थंड झाला की वर गोठलेली चरबी चमच्याने काढून टाका, मग गरम करा. फोडी चार-पाच, रस्सा एक वाटी, भाकरी एकच.

आता पुन्हा व्यायामाकडे. सहाऐवजी चार दिवस गड करा आणि दोन दिवस ताकदीचे. आपल्या भागाला जोर-बैठका शिकवायची गरज नाही, पण थेट तालमीतल्यासारख्या शंभर मारायला जाऊ नका. खुर्चीवरून उठ-बस १२ वेळा, भिंतीला हात टेकून जोर १०, पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन कमरेतून वाकून पोटाकडे ओढणं प्रत्येक हाताने १२. प्रत्येकाच्या तीन फेऱ्या, मध्ये मिनिटभर दम. दर आठवड्याला एक-दोनने वाढवा, भिंतीवरचे जोर सोपे झाले की टेबलाला टेकून. तेलाचा रिकामा कॅन इथं कामाला येईल. गुडघे चढताना कमी आणि उतरताना जास्त दुखतात, कारण उतरणीला सगळं वजन मांडीच्या स्नायूंना अडवून धरावं लागतं. पायवाटेने धावत उतरू नका, डांबरी रस्त्याने लहान पावलं टाकत या. आणि सकाळी गड चढलो म्हणून पुढचे आठ तास खुर्ची सोडायची नाही, असं होत असेल तर निम्मी कमाई तिथंच जाते. डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं चाला. जेवणानंतरची साखर उतरवायला हे चालणं फार उपयोगी.

वजन आठवड्यातून एकदाच करा, शनिवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी. सोमवारी करू नका. रविवारच्या मटणातल्या मिठाने अंगात पाणी धरतं आणि काटा किलोभर वर दिसतो, मग उगाच मन खट्टू होतं. कंबर दर पंधरा दिवसांनी बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, टेप न आवळता. ताकदीचा व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात वजन थांबेल आणि कंबर कमी होईल असंही घडतं; ते चांगलंच. आईंना कंबरेचा आकडा सांगू नका, ताट दाखवा. त्यात पूर्वीपेक्षा जास्त जिन्नस दिसतील.

पाच-सहा किलो उतरले की बहुतेकांचं वजन अडतं, म्हणजे तुमचं ७८-७९ ला. अंग हलकं झाल्यावर त्याला कमी लागतं, आणि चमच्याची शिस्तही एव्हाना सैल झालेली असते. तेव्हा आधी तेलाच्या कॅनवरची तारीख बघा. ती ठीक असेल तर रात्रीच्या भाकरीचं पीठ ४५ ग्रॅमवर आणा किंवा ताकदीचा तिसरा दिवस जोडा. जेवण तोडू नका.

एचबीएवनसी तीन महिन्यांनी परत करा, त्याआधी करण्यात अर्थ नाही. सोबत कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडही तपासून घ्या. रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर खाणं बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा, कारण वजन उतरलं की डोस बदलावा लागू शकतो. चढताना छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीच्या वळणावर एकाएकी जास्त धाप, यातलं काहीही झालं तर तिथंच बसा, कुणाला तरी मदतीला बोलवा आणि लगेच रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा.